पियारडोबा, चाकुलिया, दूधकुंडी: सालवनातले बी-२९ विमानांचे ओसाड तळ – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धात जपानवर बॉम्ब टाकणारी अमेरिकेची सगळ्यांत मोठी विमानं, म्हणजे बी-२९, आपल्या देशातून उडत होती, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. उपग्रहाच्या नकाशावर बांकुरा किंवा पूर्व सिंहभूम बघताना झाडीत अचानक एक सरळ करडी रेघ दिसते आणि मग प्रश्न सुरू होतात. नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण त्या गोष्टी दोन ओळींत सांगून भागत नाही.

हे तळ नेमके कुठे आहेत?

खडगपूर जंक्शन मध्यभागी धरा. शहराला लागून सलुआ आहे, युद्धकाळात यालाच खडगपूरचा तळ म्हणत. पश्चिमेला झारग्राम जिल्ह्यात दूधकुंडी, त्याच्या पुढे झारखंडच्या हद्दीत चाकुलिया. उत्तरेला बांकुरा जिल्ह्यात, विष्णुपूरच्या अलीकडे पियारडोबा. आणि पुरुलिया शहराजवळ चर्रा. त्या वेळी पुरुलिया आणि सिंहभूम हे दोन्ही भाग बिहार प्रांतात होते, त्यामुळे जुन्या कागदांत चर्रा आणि चाकुलिया बिहारमध्ये सापडतात. शोधताना हे लक्षात ठेवलं तर बराच घोळ टळतो.

प्रत्येक तळावर बी-२९ विमानांचा एक गट होता. चाकुलियाला ४० वा, पियारडोबाला ४६२ वा, खडगपूरला ४६८ वा. ४४४ वा गट आधी चर्राला उतरला आणि १९४४ च्या पावसाळ्यात दूधकुंडीला हलला. चारही गट मिळून ५८ वी बॉम्बफेकी विंग. तिच्यावर विसावं बॉम्बर कमांड होतं आणि त्याचं मुख्यालय खडगपूरला होतं.

खडगपूरच का निवडलं?

कारणं अगदी व्यवहारी होती. कोलकाता बंदर जवळ, म्हणजे पेट्रोल, बॉम्ब आणि सुटे भाग जहाजातून उतरवून लगेच रेल्वेने नेता येत होते. खडगपूर हे बंगाल-नागपूर रेल्वेचं मोठं जंक्शन होतं. जपानी विमानं कोलकात्यापर्यंत येत होती (५ डिसेंबर १९४३ ला खिदिरपूरच्या गोदीवर त्यांनी बॉम्ब टाकले), पण त्याच्याही पश्चिमेला येणं त्यांना जड होतं. आणि इथली जमीन. गंगेच्या खोऱ्यातली गाळाची माती संपून जिथे लाल, कठीण जांभ्याचा माळ सुरू होतो, तिथेच हे तळ आहेत. साठ टनांचं विमान उतरवायचं तर पायाखाली असाच कठीण थर लागतो. कोकणातल्या माणसाला हा दगड वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

यातल्या काही ठिकाणी आधीपासून धावपट्ट्या होत्या, पण त्या लिबरेटरसारख्या, बी-२९ पेक्षा लहान बॉम्बफेकी विमानांसाठी, सुमारे ६,००० फूट लांबीच्या. बी-२९ साठी त्या ७,५०० फुटांपर्यंत वाढवाव्या लागल्या, जाडीही वाढवावी लागली. ७,५०० फूट म्हणजे जवळजवळ सव्वादोन किलोमीटर.

धावपट्ट्या बांधल्या कोणी?

बहुतेक लेखांत या प्रश्नाचं उत्तर ‘अमेरिकन इंजिनिअरांनी’ एवढंच असतं. ते अर्धं खरं आहे. अमेरिकेच्या विमानतळ बांधणाऱ्या बटालियन आल्या होत्या, त्यांच्याकडे बुलडोझर, रोलर, काँक्रीट मिक्सर होते. पण अमेरिकन हवाई दलाच्या अधिकृत इतिहासातच आकडा आहे: सुमारे ६,००० अमेरिकन सैनिक आणि सुमारे २७,००० भारतीय मजूर. मजूर केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्यामार्फत कामावर होते, आणि मजुरीचा मोठा भाग ब्रिटिश हिंदुस्थान सरकारने उचलला.

म्हणजे एका अमेरिकन सैनिकामागे चारहून जास्त भारतीय माणसं. त्या काळच्या छायाचित्रांत दिसतं ते असं: डोक्यावर खडीच्या पाट्या घेतलेल्या बायकांची लांब रांग, मागे उन्हात चमकणारं विमान. खडी हाताने फोडलेली, हाताने पसरलेली. यंत्रं यायला उशीर झाला तेव्हा काम थांबलं नाही ते या हातांमुळे. कामाची घाई एवढी होती की काही तळांवर विमानं येऊन उतरली तरी बांधकाम चालूच होतं.

विमानाच्या नाकावर कोणतं चित्र रंगवलं होतं, याच्या याद्या आज जगभर मिळतात. वैमानिकांची नावं, त्यांच्या पलटणींची नावं, कोणतं विमान कोणत्या दिवशी उडालं, सगळं जपून ठेवलं आहे आणि ते चांगलंच आहे. पण या २७,००० जणांपैकी कोणाचंही नाव त्या इतिहासात नाही. माझ्या मते या तळांच्या इतिहासातलं सगळ्यांत मोठं काम अजून इथेच बाकी आहे.

तेव्हा बंगालमध्ये दुष्काळ होता ना?

हो, आणि तो बाजूला ठेवून या तळांविषयी बोलणं मला पटत नाही.

ऑक्टोबर १९४२ मध्ये मेदिनीपूर जिल्ह्याच्या किनाऱ्याला भयंकर चक्रीवादळाने झोडपलं. समुद्राचं पाणी आत घुसून भातशेती खारी झाली, हजारो माणसं आणि त्याहून कितीतरी जास्त गुरं वाहून गेली. त्याआधी त्याच वर्षी जपानी सैन्याच्या हाती काही लागू नये म्हणून सरकारने किनारी बंगालमधून जादा तांदूळ उचलला होता आणि होड्या काढून घेतल्या होत्या. जिल्ह्यात चले जाव आंदोलन पेटलेलं होतं, तमलुकला डिसेंबर १९४२ पासून समांतर राष्ट्रीय सरकार चालू होतं, त्यामुळे मदतीपेक्षा दडपशाहीकडे प्रशासनाचं लक्ष जास्त होतं. १९४३ मध्ये तांदळाचे भाव हाताबाहेर गेले. बंगालच्या दुष्काळात आणि त्यामागून आलेल्या रोगराईत सुमारे ३० लाख माणसं गेली असं मानलं जातं.

या सगळ्यानंतर लगेच, १९४३-४४ च्या हिवाळ्यात, याच भागात धावपट्ट्यांचं काम जोरात सुरू झालं. पाटी उचलायला माणसं का मिळाली, हे वेगळं सांगायची गरज नाही. शिवाय लष्करी कामासाठी जमिनी घेतल्या गेल्या आणि घरं उठवली गेली. दुष्काळाची चौकशी करणाऱ्या आयोगाने बंगालमधल्या अशा विस्थापितांची दखल घेतली होती.

अमेरिकन सैनिक इथे पोचले कसे?

विमानं हवेतून आली, माणसं बहुतेक समुद्रातून.

विमानांचा मार्ग कॅन्सस राज्यातल्या तळांवरून निघून मोरोक्कोतलं मराकेश, कैरो, कराची आणि मग कोलकात्याकडे, असा सुमारे १८,५०० किलोमीटरचा होता. पहिलं बी-२९ २ एप्रिल १९४४ ला चाकुलियाला उतरलं. ८ मेपर्यंत १३० विमानं पोचली होती.

जमिनीवरची मंडळी, म्हणजे मेकॅनिक, शस्त्रागारातले लोक, स्वयंपाकी, कारकून, यांच्यातल्या बऱ्याच तुकड्या आठवडेच्या आठवडे समुद्रात काढून मार्च १९४४ च्या अखेरीस आणि त्यानंतर मुंबई बंदरात उतरल्या. तिथून लष्करी आगगाडीने देश आडवा ओलांडून खडगपूर. एप्रिलच्या उन्हात, लाकडी बाकांवर. त्याच बंदरात १४ एप्रिल १९४४ ला ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि व्हिक्टोरिया गोदी उद्ध्वस्त झाली. मुंबईच्या लोकांच्या आठवणीत तो स्फोट राहिला. पण त्या गोद्यांवर तेव्हा किती प्रकारचं युद्ध येऊन उतरत होतं, त्याचा हा एक पदर फारसा कोणी उलगडत नाही.

बी-२९ मध्ये एवढं काय विशेष होतं?

त्या काळात याच्या तोडीचं विमान कोणाकडेच नव्हतं. पंखांचा विस्तार ४३ मीटर, लांबी ३० मीटर, चार इंजिनं, ११ जणांचा चमू. उंचावरही माणसांना नीट श्वास घेता यावा म्हणून आतल्या हवेचा दाब राखलेला. तोफा आतून, दुरून चालवायच्या.

पण ते घाईघाईत तयार झालेलं होतं, आणि त्याची सगळी दुखणी इंजिनात होती. राइट कंपनीचं १८ सिलिंडरचं, हवेने थंड होणारं, २,२०० अश्वशक्तीचं इंजिन. ते तापायचं, आणि तापलं की पेटायचं. त्यात काही भाग मॅग्नेशियमचे असल्यामुळे एकदा आग धरली की ती विझवणं जवळपास अशक्य असायचं. हिंदुस्थानात येतानाच एप्रिलच्या मध्यात कराचीच्या आसपास पाच विमानं कोसळली. सगळा ताफा जमिनीवर थांबवून इंजिनांत बदल करावे लागले.

मग बंगालच्या उन्हाळ्यात ती उडत कशी होती?

मोठ्या कष्टाने. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. धावपट्टीवर उभ्या असलेल्या ॲल्युमिनियमच्या विमानाला दुपारी हात लावला तर चटका बसायचा, म्हणून मेकॅनिक पहाटे आणि रात्री दिवे लावून काम करायचे.

उड्डाणाची गोष्ट तर अशी होती. हवा तापली की विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, म्हणजे धावपट्टी जास्त लागते. तेवढा वेळ इंजिनं पूर्ण ताकदीवर, म्हणजे आणखी तापणार. इंजिनाच्या कवचाला गरम हवा बाहेर जाण्यासाठी झडपा होत्या. त्या उघड्या ठेवल्या तर इंजिन थंड राहतं, पण वाऱ्याचा विरोध वाढतो आणि विमानाला वेग येत नाही. मिटल्या तर वेग येतो, पण सिलिंडर लाल होतात. फ्लाइट इंजिनिअर डोळे तापमानाच्या काट्यावर लावून त्या झडपा थोड्या थोड्या मिटत आणायचा. चाकं जमिनीवरून सुटल्यावर लगेच वर चढायचं नाही. झाडांच्या शेंड्यांवरून सपाट जात राहायचं, वेग वाढू द्यायचा, इंजिनांना वारा मिळू द्यायचा. खाली सालाचं जंगल, भाताची खाचरं आणि पाडे. एक इंजिन गेलं तर वळून परत यायलाही उंची नसायची.

त्यामुळे मोठ्या मोहिमा शक्य तेव्हा पहाटे निघायच्या.

इथून पहिला हल्ला कशावर झाला?

५ जून १९४४ ला बँकॉकच्या मक्कासान रेल्वे यार्डावर. बी-२९ विमानांचा जगातला हा पहिला युद्धहल्ला. ९८ विमानं उडाली, त्यातली पाच गमावली, आणि त्यातलं एकही शत्रूच्या गोळ्यांनी पडलं नाही. एक तर उडता उडताच कोसळलं. बाकीची बिघाड, पेट्रोल आणि हवामानाने गेली. परतताना मॉन्सूनचे ढग होते, कितीतरी विमानं आपला तळ सोडून मिळेल तिथे उतरली.

दुसऱ्याच दिवशी युरोपात नॉर्मंडीवर सैन्य उतरलं आणि जगाचं सगळं लक्ष तिकडे गेलं.

जपानवर हल्ला करायला विमानं चीनमध्ये का जात होती?

अंतरामुळे. खडगपूरहून जपान फार लांब. म्हणून चीनमध्ये चेंगडू शहराभोवती पुढचे चार तळ बांधले होते. तिथल्या धावपट्ट्या लाखो चिनी शेतकऱ्यांनी जवळजवळ नुसत्या हातांनी तयार केल्या. प्रचंड दगडी रोलर दोरखंडांनी ओढताना दिसणारी माणसं त्यांचीच.

अडचण अशी की चेंगडूला रस्ता नव्हता. पेट्रोलचा प्रत्येक थेंब आणि प्रत्येक बॉम्ब हिमालयाच्या पूर्व टोकावरून, ‘हंप’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मार्गाने, विमानातूनच न्यायचा. खडगपूर ते चेंगडू सुमारे १,९०० किलोमीटर. बी-२९ विमानांच्या तोफा आणि इतर सामान काढून त्यांचेच टँकर केले. एका विमानाला जपानवर एकदा जाऊन येण्याइतकं पेट्रोल चीनमध्ये साठवायचं तर साधारण सहा फेऱ्या कराव्या लागत. उलटा वारा लागला तर जेवढं पोचायचं त्याच्या कितीतरी पट वाटेतच जळायचं. लांबच्या विहिरीवरून घागर आणताना वाटेतल्या तहानेलाच ती रिकामी व्हावी, तशातली गत.

या साऱ्या योजनेचं नाव होतं ‘ऑपरेशन मॅटरहॉर्न’.

एवढं करून काय साधलं?

जपानच्या बाबतीत फार थोडं. १५ जून १९४४ च्या रात्री यावाता इथल्या पोलाद कारखान्यावर पहिला हल्ला झाला. चेंगडूहून ६८ विमानं उडाली, ४७ नी बॉम्ब टाकले, आणि कारखान्यावर नेमका पडलेला बॉम्ब बहुधा एकच. तरी १९४२ च्या डूलिटल हल्ल्यानंतर (अमेरिकेचा जपानवरचा पहिला हवाई हल्ला) जपानच्या मुख्य भूमीवर झालेला हा पहिला हल्ला, म्हणून बातमी मोठी झाली. चेंगडूच्या तळांवरून जपानवर एकूण नऊ हल्ले झाले आणि त्यांत मिळून सुमारे ८०० टन बॉम्ब पडले. एवढ्या खटाटोपासाठी हा आकडा फारच लहान आहे.

त्याच १५ जूनला अमेरिकन सैन्य प्रशांत महासागरातल्या सायपान बेटावर उतरत होतं. सायपान, टिनियन आणि ग्वाम हातात आल्यावर जपान समुद्रमार्गे पुरवठा होणाऱ्या तळांच्या टप्प्यात आलं. चेंगडूची गरज तिथेच संपली, कागदावर ती आणखी सहा-सात महिने टिकली एवढंच.

थेट बंगालमधून झालेले हल्ले मात्र जास्त परिणामकारक ठरले. ५ नोव्हेंबर १९४४ ला सिंगापूरच्या किंग जॉर्ज सहावा गोदीवर ५३ विमानांनी बॉम्ब टाकले. जाऊन-येऊन सुमारे ६,००० किलोमीटरचा पल्ला, तोही दिवसा. ती गोदी सुमारे तीन महिने वापरता आली नाही. रंगून आणि बँकॉकवरही इथूनच विमानं जात राहिली.

जनरल कर्टिस लमे इथे होते का?

होते. अमेरिकन हवाई दलातले हे सेनानी ऑगस्ट १९४४ च्या अखेरीस खडगपूरला आले आणि विसाव्या बॉम्बर कमांडचे प्रमुख झाले. युरोपातल्या अनुभवावरून त्यांनी विमानांची रचना बदलली, प्रशिक्षण कडक केलं, दुरुस्तीची पद्धत बदलली. १८ डिसेंबर १९४४ ला चेंगडूहून ८४ बी-२९ विमानांनी चीनमधल्या जपानव्याप्त हांकोवर मुख्यतः आग लावणारे बॉम्ब टाकले. नदीकाठचा तो भाग दिवसेंदिवस जळत होता.

जानेवारी १९४५ मध्ये लमे प्रशांत महासागरातल्या ग्वामला गेले. ९-१० मार्चच्या रात्री त्यांच्या हुकमाने टोकियोवर आगीचे बॉम्ब पडले आणि एका रात्रीत सुमारे एक लाख माणसं मेली. हांकोचा अनुभव त्यामागे होता, असं इतिहासकार मानतात आणि मलाही तसंच वाटतं. खडगपूरचं नाव टोकियोच्या त्या रात्रीशी असं जोडलेलं आहे, हे सांगताना बरं वाटत नाही, पण ते वगळणं योग्य होणार नाही.

पियारडोबाच्या विमानावरून रशियाने आपलं विमान बनवलं, हे खरं आहे?

खरं आहे.

४६२ व्या गटाचं ‘रॅम्प ट्रॅम्प’ नावाचं विमान पियारडोबाचं होतं. २९ जुलै १९४४ ला मांचुरियातल्या आन्शानवरच्या हल्ल्यात ते नादुरुस्त झालं. चेंगडूला परतणं शक्य नव्हतं, म्हणून वैमानिकाने ते सोव्हिएत हद्दीत व्लादिवोस्तोकला उतरवलं. सोव्हिएत संघ जर्मनीविरुद्ध अमेरिकेचा दोस्त होता, पण जपानशी त्याचा तटस्थतेचा करार होता. त्यामुळे विमान आणि चमू दोन्ही अडकवून ठेवले. नोव्हेंबरमध्ये खडगपूरच्या ४६८ व्या गटाची आणखी दोन विमानं अशीच तिथे उतरली, ‘जनरल एच. एच. अरनॉल्ड स्पेशल’ आणि ‘डिंग हाओ’. माणसांना नंतर गुपचूप इराणमार्गे सोडून दिलं. विमानं परत दिली नाहीत.

स्टालिनने हुबेहूब नक्कल करायचा हुकूम सोडला. एक विमान पूर्ण सुटं केलं, भाग न् भाग मोजला, त्याचे नकाशे काढले. एक नमुना म्हणून जसंच्या तसं ठेवलं. ‘रॅम्प ट्रॅम्प’वर वैमानिकांना शिकवलं. मोठी अडचण पत्र्याची होती: अमेरिकन पत्रा इंचाच्या मापाचा आणि सोव्हिएत कारखाने मिलिमीटरचे. जाडी थोडी बदलली की वजन बदलतं, मजबुती बदलते, म्हणून जागोजागी नव्याने हिशेब करावे लागले. तयार झालेल्या विमानाचं नाव तुपोलेव टीयू-४. ऑगस्ट १९४७ मध्ये मॉस्कोजवळच्या तुशिनो विमानतळावर ही विमानं लोकांसमोर उडाली तेव्हा पाश्चात्त्य देशांच्या प्रतिनिधींना आधी वाटलं की ही अडकवलेलीच तीन विमानं आहेत. मग चौथं दिसलं. अशी सुमारे ८५० विमानं बनली, आणि ऑक्टोबर १९५१ मध्ये सोव्हिएत संघाने विमानातून टाकलेला पहिला अणुबॉम्ब टीयू-४ मधूनच टाकला.

बांकुऱ्याच्या जंगलातल्या ज्या काँक्रीटवरून ‘रॅम्प ट्रॅम्प’ उडायचं, ते अजून तिथे आहे. शीतयुद्धाचा एवढा मोठा धागा जिथून निघाला तिथे एक पाटीही नसावी, याचं वाईट वाटतं.

हिरोशिमावर बॉम्ब टाकणारं विमान इथून गेलं होतं का?

नाही. ते विमान, ‘एनोला गे’, वेगळ्या, ५०९ व्या गटाचं होतं आणि ते बंगालमध्ये कधी नव्हतं. गोंधळ होतो तो बेटामुळे. बंगालमधली ५८ वी विंग १९४५ च्या वसंतात टिनियनला गेली आणि ५०९ वा गटही टिनियनलाच होता. पण ५८ वी विंग बेटावरच्या पश्चिम विमानतळावर होती आणि अणुबॉम्बची विमानं उत्तर विमानतळावरून उडाली.

दूधकुंडीचा स्फोट काय होता?

१४ जानेवारी १९४५ ला विमानातून बॉम्ब उतरवताना एक फुटला. आग लागली, त्या आगीत दुसरे बॉम्ब फुटले. जमिनीवर काम करणारी माणसं त्यात गेली. युद्धात मेलेले म्हटलं की आपल्यासमोर वैमानिक येतात, पण या तळांवर जमिनीवरचं कामही तेवढंच जोखमीचं होतं.

मुख्यालय आयआयटीत होतं असं ऐकलं. ते कसं?

उलट आहे, मुख्यालय आधी आणि आयआयटी नंतर. खडगपूरजवळ हिजली इथे इंग्रजांनी १९३० मध्ये राजबंद्यांसाठी कैदखाना उघडला. १६ सप्टेंबर १९३१ ला पोलिसांनी तिथल्या नि:शस्त्र बंद्यांवर गोळीबार केला, त्यात संतोषकुमार मित्र आणि तारकेश्वर सेनगुप्त गेले. त्यांचे देह न्यायला सुभाषबाबू स्वतः आले होते. १९४२ मध्ये कैदखाना बंद झाला आणि पुढे त्याच इमारतीत अमेरिकन बॉम्बर कमांडचं कार्यालय थाटलं गेलं. १९५१ मध्ये देशातली पहिली आयआयटी इथेच सुरू झाली. ती इमारत आज हिजली शहीद भवन म्हणून ओळखली जाते आणि तिथे विज्ञान संग्रहालय आहे. कैदखाना, बॉम्बर कमांड आणि आयआयटी, तिन्ही वीस-एकवीस वर्षांत एकाच छपराखाली.

युद्धानंतर तळांचं काय झालं?

सिंगापूरवरचा शेवटचा हल्ला मार्च १९४५ च्या अखेरीस झाला आणि मे महिन्यापर्यंत विमानं टिनियनला निघून गेली. युद्ध संपल्यावर सगळेच अमेरिकन गेले. त्यापुढे प्रत्येक तळाचं नशीब वेगळं.

सलुआला आज ईस्टर्न फ्रंटियर रायफल्स या बंगालच्या सशस्त्र पोलीस दलाचं ठाणं आहे. दूधकुंडी हे हवाई दलाचं दारूगोळ्याच्या सरावाचं क्षेत्र आहे. जवळच्याच, युद्धकाळातल्याच कलाईकुंडाला हवाई दलाचा मोठा तळ आहे. ७ सप्टेंबर १९६५ ला पाकिस्तानी सेबर विमानांनी त्याच्यावर हल्ला केला होता. चाकुलियाला १९७१ मध्ये बांगलादेशासाठी लढणाऱ्या मुक्तिवाहिनीच्या तरुणांना गनिमी युद्धाचं शिक्षण दिलं जात होतं. त्याच्या जवळ धालभूमगडला महायुद्धकाळातलीच आणखी एक धावपट्टी आहे. तिथे नागरी विमानतळ करायचं ठरलं, २०१९ मध्ये पायाभरणीही झाली. पण तो भाग दलमाच्या जंगलातून बंगालकडे जाणाऱ्या हत्तींच्या वाटेवर आहे, त्यामुळे वनखात्याच्या परवानगीचा प्रश्न आला आणि काम अडलं. पियारडोबा आणि चर्रा खऱ्या अर्थाने ओसाड राहिले.

१९९५ चं पुरुलिया शस्त्रप्रकरण चर्राच्या धावपट्टीशी संबंधित आहे का?

नाही. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री शस्त्रं उडत्या विमानातून हवाई छत्र्यांनी खाली टाकली होती. जिल्हा एकच असल्यामुळे लोक दोन्ही गोष्टी जोडतात.

स्थानिक आठवणी कुठे मिळतील?

अमेरिकेत या गटांच्या माजी सैनिकांनी संघटना काढल्या, स्मरणिका छापल्या, छायाचित्रं जमवली, म्हणून त्यांची बाजू आज सहज वाचायला मिळते. आपल्या बाजूला मात्र जमीन संपादनाच्या फायली, जिल्हा कचेरीतले जुने सात-बारासारखे खतियान, रेल्वे आणि बांधकाम खात्याचे दप्तर आणि घराघरातली तोंडी सांगितलेली गोष्ट, एवढंच आहे. यातलं काहीच अजून एका जागी आलेलं नाही. १९४४ मध्ये दहा वर्षांचं असलेलं मूल आज नव्वदीच्या पुढे आहे. बंगाली, संथाली, कुडमाली येणारं कोणी त्या गावांत बसून हे लिहून घेईल तर ते काम आताच व्हायला हवं. खडगपूरला शिकणाऱ्या मराठी मुलांनी बंगाली मित्राला सोबत घेऊन एखादा उन्हाळा यात घातला तरी बरंच हाती लागेल.

तिथे जायचं असेल तर?

मुंबई-हावडा मार्गावरच्या नागपूरकडून जाणाऱ्या गाड्या टाटानगर आणि खडगपूर यांच्या मधे चाकुलिया स्टेशनवरूनच जातात. लांब पल्ल्याच्या गाडीने टाटानगरला किंवा खडगपूरला उतरून पुढे लोकल धरणं सोयीचं. पियारडोबासाठी खडगपूर-आद्रा मार्गावर त्याच नावाचं छोटं स्टेशन आहे. विष्णुपूरची टेराकोटाची मंदिरं बघायला जाणारच असाल तर ते वाटेवर पडतं.

हिजलीचं संग्रहालय आयआयटीच्या आवारात आहे, जाण्याआधी वेळ आणि प्रवेशाची चौकशी करा. दूधकुंडी, कलाईकुंडा आणि सलुआ इथे जायचा प्रयत्न करू नका, छायाचित्रंही काढू नका. दूधकुंडीला आजही दारूगोळ्याचा सराव चालतो. बाकी ठिकाणी जाताना आधी गावात बोलून घ्या, धावपट्टीच्या आसपास खाजगी शेतं आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. भात निघाल्यावर शेतं मोकळी असतात आणि गवत वाळलेलं असल्यामुळे टॅक्सीवे आणि विमानं उभी करायच्या जागा ओळखू येतात. पण याच दिवसांत हत्तींचे कळपही भाताच्या मागावर असतात, तेव्हा संध्याकाळी जंगलाच्या वाटेवर राहू नका. जमिनीत गंजलेलं लोखंड दिसलं तर हात लावू नका, पोलिसांना कळवा.